दर्याकडची भिंत : फायबर सिमेंटच्या फळ्या, दोन पावसाळ्यांनंतर

एप्रिल २०२४ मध्ये आम्ही घराच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून फायबर सिमेंटच्या फळ्या बसवून घेतल्या. काम झालं त्याच आठवड्यात लोक विचारू लागले, कसं वाटतंय? तेव्हा मी काही बोललो नाही. कोकणात भिंतीचं काय ते पावसाळाच सांगतो. आता दोन पावसाळे झाले. दुसरा तर २०२५ चा, जो २५ मेलाच तळकोकणात उतरला आणि दिवाळीपर्यंत हलायला तयार नव्हता. आता लिहायला हरकत नाही.

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. समुद्र आणि घर यांच्यात सुरूची झाडं होती, त्यातली बरीचशी ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात गेली. तेव्हापासून झड थेट भिंतीवर येते. इथला पाऊस वर्षाला ३००० मिमीच्या आसपास, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि वारा सुटला की तो आडवाच येतो. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, उन्हावाऱ्यात घट्ट होतो हे खरं. पण अंगात भोकं असतातच. तो पाणी पितो. पश्चिमेच्या खोलीत ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला तर तळवा ओला व्हायचा. भिंतीतल्या फडताळात आईच्या पोथ्या असायच्या, त्यांवर दर वर्षी बुरशीची पांढरी साय धरायची.

यावर आधी काय काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक लोक त्याच वाटेने जातात. सिमेंटचा गिलावा केला. त्याला केसासारख्या भेगा पडल्या, पाणी त्यातून आत गेलं आणि आतच राहिलं. मग वॉटरप्रूफ रंग लावला, रबरासारखा ताणला जाणारा, जाड थराचा. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसात त्यावर हातभर फुगे आले. एक फुगा नखाने फोडला तर पाण्याची धारच लागली. बाहेरून पाणी येऊ नये म्हणून लावलेल्या रंगाने आतलं पाणी कोंडून ठेवलं होतं. दोष रंगाचा म्हणणार नाही, ओल्या चिऱ्यावर तो चढवायलाच नको होता.

आमच्या लहानपणी ही भिंत कोरडी असायची. मे संपता संपता बाबा तिला झापं बांधायचे. आधी बांबूच्या कामट्या भिंतीपासून चार बोटं पुढे उभ्या करायच्या, मग त्यांवर माडाच्या विणलेल्या झावळ्या सुंभाने आवळायच्या, खालून वर, एकीवर एक चढवत. पाऊस झापांवर आपटायचा, निथळून खाली जायचा आणि मागे भिंत कोरडी राहायची. दसऱ्यानंतर झापं उतरली की न्हाणीच्या चुलीत. पुढे झापं विणणारे हात कमी झाले, आम्ही नोकऱ्यांना लागलो आणि भिंत उघडी पडली.

हे सगळं मला आठवलं ते क्लॅडिंगची, म्हणजे भिंतीबाहेरच्या आवरणाची चौकशी करताना. भिंतीपासून थोडं अंतर सोडून पुढे दुसरं आवरण उभं करायचं, पाऊस त्याने झेलायचा, त्यातून चुकून आत आलेलं पाणी मधल्या फटीतून खाली जायचं, आणि फटीत हवा खेळत राहिली की भिंत सुकत राहायची. थंड, पावसाळी देशांत बरीच घरं अशीच बांधतात. आमच्या बाबांची चार बोटं म्हणजे तीच फट.

मग आवरण कशाचं? पहिला विचार पत्र्याचा, कारण गावात दर तिसऱ्या घराने पश्चिमेला रंगीत पत्रा मारलाय. स्वस्त पडतो, दोन दिवसांत होतो, आणि पाच-सात वर्षं काम करतो हे मी नाकारणार नाही. पण खाऱ्या वाऱ्यात पत्रा कापलेल्या कडेपासून आणि स्क्रूच्या भोकापासून गंजायला लागतो, रंग मग पापुद्र्यासारखा सुटतो. शेजारच्या घरी सहाव्या वर्षी खालची कड बोटाने मोडता येत होती. शिवाय झडीचा आवाज. आईची झोप आधीच हलकी, पत्रा तिथेच बाद झाला. सागवान परवडणारा नव्हता, आणि वाळवीचं कोण बघणार? दगडी टाइल चिकटवायला सगळे सांगतात. पण टाइलमागे फट नसते, म्हणजे गिलाव्याचीच गत. प्लॅस्टिकमिश्रित फळ्या पाहिल्या, पश्चिमेच्या उन्हात त्या लांबी बदलतात आणि रंगही धरत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिटच्या स्वस्त पाट्यांच्या पोटात प्लॅस्टिक असतं आणि ते पेटतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये ७२ माणसं गेली, त्यात आग पसरवणारं आवरण त्याच जातीचं होतं. आमची भिंत स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळे पुढे चौकशीच केली नाही.

फायबर सिमेंट म्हणजे सिमेंट, बारीक सिलिका आणि लाकडाचा तंतू, वाफेच्या दाबाखाली पक्कं केलेलं. कुजत नाही, वाळवी खात नाही, जळत नाही, गंजण्यासारखं त्यात काही नाही. आम्ही ८ मिमी जाडीच्या, २०० मिमी रुंदीच्या फळ्या घेतल्या. घेताना एक विचारा: आयएस १४८६२ या भारतीय मानकात टाइप ए म्हणजे ऊनपाऊस सोसणारं आणि टाइप बी म्हणजे घराच्या आतलं. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेली असतात आणि दिसायला सारखीच. आम्हाला पहिला दर बी चा सांगितला होता. एस्बेस्टॉस नाही ना, हेही लेखी घ्या.

शिमगा उरकला आणि काम सुरू झालं. ही वेळ मुद्दाम निवडली. ऑक्टोबरपासून भिंत सुकत होती आणि ओल्या भिंतीवर आवरण चढवायचं नव्हतं. जुना रंग आणि सुटलेला गिलावा खरवडून काढला. भिंतीवर अ‍ॅल्युमिनियमचे उभे चॅनेल, दर सोळा इंचांवर, आणि त्यांच्यामुळे मागे एक इंचाची फट. सिमेंटशी थेट टेकलं तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून प्रत्येक टेकूखाली रबराची पट्टी. इथे चिऱ्याने त्रास दिला. साधा प्लॅस्टिकचा प्लग ठोकून स्क्रू आवळला की तो भोकात नुसता फिरायचा, खाली तांबडी भुकटी. पहिला दिवस त्यातच गेला. शेवटी लांब रॉड आणि केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरून रॉड पक्का चिकटवणारं रसायन, वापरले. तुमचं घर चिऱ्याचं असेल तर त्याचा खर्च आधीच धरा. वादळाच्या वाऱ्यात आवरण भिंतीवर राहणार की वाडीत जाणार, हे त्या भोकावर ठरतं.

कापण्याबद्दल कळकळीने सांगतो. पोरं खळ्यात, म्हणजे अंगणात ग्राइंडर लावून फळ्या कापायला बसली आणि पांढरा ढग उठला. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की परत निघत नाही. मी काम थांबवलं, दापोलीहून चांगले मास्क आणले, आणि कापताना कडेवर पाणी सोडायला एक गडी उभा केला. अर्धा दिवस वाढला. तो वाढू द्या.

आता चुका. काम दिलेल्या फॅब्रिकेटरने स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच आहेत म्हणून सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये फळ्यांवर तांबूस ओघळ दिसायला लागले. शिडी लावून वर गेलो तर सगळ्यांत जास्त गंज वळचणीखालच्या ओळींना होता, जिथे पाऊस जवळजवळ लागतच नाही. खालच्या, दिवसभर पाऊस खाणाऱ्या ओळी त्या मानाने बऱ्या. आधी डोक्यात शिरेना. मग एका फळीवर बोट फिरवलं, बोटाला खरखरीत लागलं, जिभेला लावलं तर मीठ. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. वळचणीखाली ते बसून राहतं, दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लोखंड खातं.

स्क्रू साधे, जस्ताचा हलका मुलामा दिलेले निघाले. सुमारे ९०० स्क्रू आम्ही बदलले, या खेपेला ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस सुद्धा समुद्राजवळ डागाळतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला सहजी दाद देत नाही. चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही. खोक्यावर किंवा डोक्यावर ए४ लिहिलेलं बघा, ते ३१६; ए२ म्हणजे ३०४. हे स्क्रू स्वतः भोक पाडत नाहीत, आधी ड्रिल मारावं लागतं, म्हणून कारागीर कुरकुरतात. मूळ काम फळ्या, फ्रेम, मजुरी धरून साधारण ६२० चौरस फुटांना २,०५,००० रुपयांना पडलं होतं. ही दुरुस्ती आणखी १६,५००. सुरुवातीलाच हे स्क्रू घेतले असते तर यातली निम्मी रक्कमही लागली नसती.

दुसरी चूक खालच्या ओळीची. पहिली फळी थेट जोत्याच्या दगडावर टेकवली होती. दगडावरचं पाणी फळीने ओढलं, खालची कड फुगली आणि बिस्किटासारखे थर सुटले. कापलेल्या कडांना प्रायमर लावायचा राहिला होता, तो तिथे नडला. त्या फळ्या काढल्या, नव्या लावताना जोत्यापासून दोन इंच वर घेतल्या, चारही कडांना रंगाचे दोन हात दिले. जिथे खाली जमीनच आहे तिथे निदान सहा इंच सोडा, पागोळ्यांचा चिखल तेवढा उडतो.

मग कामाचं ते: भिंत कोरडी आहे का?

आहे. जुलै २०२५ मध्ये चार दिवस पावसाने डोळा उघडला नव्हता, तेव्हा एका रात्री मी खोलीत भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवला. सकाळी बघायचं, पाणी कुठे धरलंय. प्लॅस्टिकच्या मागे असेल तर भिंतीतून येतंय, पुढच्या बाजूला असेल तर खोलीतल्या हवेतलं. २०२३ मध्ये हीच चाचणी केली होती तेव्हा मागून थेंब ओघळत होते. या वेळी मागची बाजू सुकी खडखडीत, पुढे मात्र किंचित धुकं. ते आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांचं. आईने पोथ्या फडताळात परत ठेवल्या, गणपतीत काढून पाहिल्या, एकीवरही साय नव्हती. मला या सगळ्या खर्चाचं समाधान त्या दिवशी मिळालं.

जमिनीलगतची गुडघाभर ओल मात्र तशीच आहे. ती जोत्यातून वर चढते. क्लॅडिंगवाला तीही जाईल म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

न मागता मिळालेली गोष्ट म्हणजे गारवा. पूर्वी एप्रिल-मे मध्ये ही भिंत दिवसभर तापायची आणि रात्री दहापर्यंत खोलीत ऊब सोडायची. आता ऊन फळ्यांवर पडतं, फटीतली हवा तापून वर निघून जाते. पंखा तोच, झोप बरी लागते.

देखभाल आहे, कोणी नाही म्हटलं तरी. दक्षिणेच्या कोपऱ्यावर, फणसाच्या सावलीत, शेवाळ धरतं. पाऊस संपला की मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं, प्रेशरची फवारणी नको. त्याच दिवशी वळचणीखालच्या ओळी गोड्या पाण्याने धुऊन घेतो. फटीची तोंडं मात्र वर्षातून दोनदा बघावी लागतात. खाली-वर जाळी लावली होती तरी कुंभारीण माशीने मातीची घरटी थापून खालची फट सहा-सात फूट बुजवून टाकली होती. हवा थांबली तर मग फळ्या काय नि गिलावा काय, सारखंच. झाडूच्या हिराने ती माती काढायला तासभर लागतो.

फळ्या ठिसूळ आहेत हेही लक्षात घ्या. गेल्या जूनमध्ये माडाची एक झावळ देठाकडून आपटली आणि दोन फळ्यांना आरपार तडा गेला. आठ फळ्या जादा घेऊन माळ्यावर ठेवल्या होत्या, म्हणून तासाभरात बदलता आल्या. निसर्गसारखं वादळ बसवल्यापासून आलेलं नाही, त्या वाऱ्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही. रंग दोन पावसाळ्यांत थोडा फिका झालाय, उडालेला कुठे नाही.

दक्षिणेची भिंत या वर्षी करायची आहे, तिलाही झड लागते. नवीन कारागीर शिमग्यानंतरचा आठवडा देतो म्हणालाय. ए४चे स्क्रू मी आताच मुंबईहून आणून माळ्यावर, उरलेल्या सहा फळ्यांशेजारी ठेवलेत.