कथकसाठी घुंगरू घेताना: दोरी, चामड्याचा पट्टा आणि वेल्क्रो

कथकसाठी घुंगरू घ्यायचे असतील तर सुती दोरीत ओवलेलेच घ्या. चामड्याचा पट्टा भरतनाट्यमला शोभतो आणि तिथे तो खरोखरच सोयीचा आहे. वेल्क्रोचं पॅड लहान मुलांना घरी सरावाला ठीक, पण रंगमंचावर त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

दोरीची बाजू एवढी ठामपणे घेण्याचं कारण नादात आहे. दोरीत प्रत्येक घुंगरू स्वतंत्र गाठीवर लोंबतो, चहूबाजूंनी मोकळा हलतो. पट्ट्यावर त्याची पाठ शिवलेली असते, त्यामुळे आवाज दबतो आणि सगळे एकदम वाजतात. टाच, पंजा आणि पूर्ण पाऊल यांचे आघात वेगळे ऐकू यायला हवेत, आणि सम (तालाची पहिली मात्रा) आली की नाद तिथेच थांबायला हवा. दुसरा फायदा संख्येचा. पन्नासपासून सुरुवात करून पुढे पंचवीस-पंचवीस वाढवता येतात. घोट्याचा घेर २२ सेंटीमीटर आणि दोन घुंगरांत दीड सेंटीमीटर अंतर धरलं, तर एका फेऱ्यात साधारण १४-१५ घुंगरू बसतात. म्हणजे शंभर घुंगरांना सातेक फेरे. पोटरीकडे घेर वाढतो, म्हणून एखादा फेरा कमीच भरतो. ऑनलाइन घेताना ‘१०० चा जोड’ असं लिहिलेलं दिसलं तर आधी विचारून घ्या: दोन्ही पायांत मिळून शंभर, की प्रत्येक पायात शंभर?

दुकानात सोबत एक छोटं लोहचुंबक न्यावं. उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातलं जलेसर पितळी घुंगरांसाठी आणि घंटांसाठी प्रसिद्ध आहे, पण पितळेसारखा मुलामा दिलेले लोखंडी घुंगरूही बाजारात असतात. कवच लोखंडी असेल तर चुंबक टचकन चिकटतं आणि ओढून काढावं लागतं. पितळी असेल तर कवचाला ओढ लागत नाही, आतली गोळी मात्र बहुधा लोखंडाची असते, ती चुंबकाच्या बाजूला सरकते. टिक असा बारीक आवाज येतो, घुंगरू किंचित झुलतोही. तेवढ्यावरून माल खोटा ठरवू नये.

मग एकेक घुंगरू कानाशी धरून हलवायचा. शंभर असले तरी हे करायचंच. शंभरात चार-पाच मुके निघू शकतात. गोळी फटीत अडकलेली असते किंवा फट जास्त फाकल्यामुळे कधीच पडून गेलेली असते. फट इतकी अरुंद हवी की गोळी बाहेर डोकावणार नाही, आणि कडा बोटाला बोचता कामा नयेत. बोचणारी कड आधी पायमोजा फाडते, मग कातडी. दोन्ही पायांचे घुंगरू काट्यावर वेगवेगळे तोलून बघा. वजनात ठळक फरक असेल तर चक्करमध्ये, म्हणजे गिरकी घेताना, एक पाय मागे ओढल्यासारखा वाटतो.

दोरी नायलॉनची नको. ती गुळगुळीत असते, गाठी सुटतात आणि ओढून बांधली की पायात रुतते. जाड, पीळदार सुती दोरी घ्यावी, आणि प्रत्येक घुंगराला दोन्ही बाजूंनी गाठ आहे ना ते तपासावं. नुसतेच ओवलेले असतील तर दोरी एका जागी तुटली की सगळी माळ जमिनीवर. दोन्ही टोकांना हातभर मोकळी दोरी हवी. ती अपुरी ठेवलेले जोड हल्ली बरेच दिसतात, आणि ही कसर नंतर भरून काढता येत नाही.

बांधताना आधी जाड सुती मोजा किंवा कापडी पट्टी. खालचा फेरा घोट्याच्या हाडाच्या वर बसवायचा. हाडावर आला तर दहा मिनिटांत सोलवटतं आणि टाचेचा आघात नीट पडत नाही. तिथून वर, एकाला एक चिकटून फेरे घ्यायचे, दर फेऱ्याला दोरी ओढून धरायची. शेवटची गाठ पायाच्या बाहेरच्या अंगाला, आणि उरलेलं टोक फेऱ्यांखाली खोचून टाकायचं. ते लोंबत राहिलं तर दुसऱ्या पायाखाली येतं. नवी सुती दोरी घामाने ताणते, म्हणून पहिले काही दिवस दर पंधरा मिनिटांनी थांबून पुन्हा बांधावं लागतं. दोरीची ही एकच खरी कटकट.

जोड नीट बसला का, हे ततकारात, म्हणजे तालाचे बोल पायांनी वाजवताना कळतं. तीनतालात (सोळा मात्रांचा ताल) ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ आधी ठाय (संथ), मग दुगुन (दुप्पट लयीत), मग चौगुन (चौपट) करा आणि समेवर गच्च थांबा. पाय थांबल्यावरही छुनछुन रेंगाळली तर फेरे सैल आहेत. चौगुनीत बोल एकमेकांत मिसळत असतील तरी बहुतेक वेळा हेच कारण असतं. पायाची बोटं मुंगावली तर बांधणी फार घट्ट झाली.

वेल्क्रो सुरुवातीला छान धरतं, पण कापडाचे तंतू आणि केस अडकले की पकड जाते. ते उघडतं नेमकं चक्करमध्ये किंवा जोरदार आघाताला. चामडं घाम पितं आणि वाळल्यावर कडक होऊन भोकांपाशी चिरतं. भरतनाट्यमसाठी पट्टा घेताना म्हणूनच भोकं आणि बक्कल आधी पाहावं, घुंगरांच्या ओळी नंतर मोजाव्यात.

रियाज संपला की घुंगरू कोरड्या फडक्याने पुसून खुंटीला टांगावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले कोंबले तर आतल्या गोळ्या गंजतात आणि आवाज बसतो. चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावून चकचकीत करण्याचा मोह टाळा. पाणी फटीतून आत जातं, पावडर गाठींत अडकते आणि दोरी कुजते. पूजेला ठेवायचे तेव्हाही कोरडं फडकं पुरतं, हळदकुंकू फटीत जाणार नाही एवढं बघावं. जोडाबरोबर त्याच मापाचे दहा सुटे घुंगरू मागून घ्या. वर्षभराने नेमक्या त्याच आवाजाचे मिळवणं फार कठीण जातं.