बँडसाठी अरेंजिंग शिकताना म्यूजस्कोर: आठ महिने वापरल्यानंतर

मी क्लॅरिनेट वाजवतो. आमचा चौदा जणांचा हौशी बँड आहे: दोन क्लॅरिनेट, दोन आल्टो सॅक्स, एक टेनर, तीन ट्रंपेट, दोन ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा आणि ताल धरणारे दोघं. वर्षानुवर्षं आम्ही सगळे एकच चाल वाजवायचो, खालून युफोनियमचा सा-प आणि बाकी सगळं ढोलावर. प्रत्येक वाद्याला वेगळं काम द्यायचंच, म्हणजे अरेंजिंग करायचं, असं ठरवलं आणि आठ महिन्यांपूर्वी लॅपटॉपवर म्यूजस्कोर ४ टाकलं; नोटेशन लिहून ऐकायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

सगळ्यात मोठा फायदा ट्रान्सपोझिंगचा, म्हणजे प्रत्येक वाद्यासाठी सूर त्याच्या हिशोबाने बदलून लिहिण्याचा. पेटीवर बसवलेलं गाणं पांढरी तीनमध्ये (ई) होतं, मी ते तसंच लिहिलं आणि कॉन्सर्ट पिचचं बटण (ते चालू असताना सगळ्यांचे खरे ऐकू येणारे सूर दिसतात) बंद केल्यावर ट्रंपेटच्या पानावर सहा शार्प आले, आल्टो सॅक्सच्या पानावर सात! कारण बी फ्लॅट ट्रंपेटला एक पूर्ण सूर (दोन पट्ट्या) वरचं लिहावं लागतं आणि ई फ्लॅट आल्टोला त्याहून बरंच वर, मेजर सिक्स्थ, म्हणजे सा वरून शुद्ध ध इतकं. मग सगळं गाणं काळी पाचमध्ये (बी फ्लॅट) आणलं. आता ट्रंपेटला एकही शार्प-फ्लॅट नाही, आल्टोला एकच शार्प, आणि पोरं पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत वाजवून गेली. हे हाताने लिहिताना कळायला मला वर्ष लागलं असतं.

वाद्याच्या आवाक्याबाहेरच्या नोटा रंग बदलतात, प्रत्येकाचं वेगळं पान आपोआप निघतं, हे पण फार कामाचं आहे.

पण लॅपटॉपवर ऐकून पास करायची सवय मला नडली, आणि ती चूक माझी. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकात सुंदर चाल लिहिली होती, वर दोन ट्रंपेट. हेडफोनमध्ये दोन्ही स्वच्छ ऐकू यायचं, मैदानात मात्र क्लॅरिनेट गायबच, आणि ते मीच वाजवत होतो. मग चाल एक सप्तक वर नेली आणि ट्रंपेट फक्त ओळीच्या शेवटी उत्तर द्यायला ठेवले, तेव्हा कुठे जागा मिळाली.

कॉम्प्युटरला दम लागत नाही आणि त्याचे ओठही थकत नाहीत. ट्रंपेटला सलग तीन मिनिटं वरचं लिहिलं तर शेवटचं कडवं फुटणारच, तिथे रंग काही सांगत नाही. आता मी आधी श्वासाच्या जागा टाकतो, मग सूर.

आणि भैरवीचं तर वेगळंच. काळी पाचचा मंद्र सा आणि कोमल रे यांत मी ट्रॉम्बोनला भराभर ये-जा दिली होती, दिसायला शेजारचे दोनच सूर. आमचे ट्रॉम्बोनवाले काका काही बोलले नाहीत, फक्त स्लाइड (ट्रॉम्बोनची पुढे-मागे सरकणारी नळी) पहिल्या पोझिशनवरून, म्हणजे अगदी जवळून, सातव्यापर्यंत, पूर्ण हात लांब करून, दोनदा नेऊन दाखवली. तेच एक सप्तक वर पहिली आणि चौथी पोझिशन आहे, आरामात होतं. तेव्हापासून नवीन काही लिहिलं की पान घेऊन आधी काकांकडे जातो. मींड हवी असेल तर ती पण त्यांनाच देतो, स्लाइडवर काय सुरेख उतरते!

मध्ये एक पैसे भरून ऑनलाइन कोर्स केला, नाव घेत नाही. तिथे कॉर्डचे भरपूर नियम होते, पण भूपात म आणि नि नसताना खाली काय भरायचं, त्यावर एक शब्द नव्हता. मी ट्यूबा-युफोनियमला सा-पच ठेवला आणि ग वर टेनरला दिला, कारण तो ग अगदी खाली सा ला चिकटून ठेवला की सगळा आवाज गढूळ होतो.

कोर्सपेक्षा जास्त शिकलो जुन्या हिंदी गाण्यांतून. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्या गाण्यांचं अरेंजिंग करणारी गोव्याची मंडळी. आता गाणारा कुठे थांबतो आणि तेवढ्यात कोण आत येतं एवढंच ऐकत बसतो, एकेक ओळ दहा-दहा वेळा.

नवशिक्याने घ्यावं का, तर जरूर घ्या, पण पहिलं गाणं सोळा मात्रांचंच लिहा आणि त्याच आठवड्यात प्रत्यक्ष वाजवून घ्या. माझी भैरवी अजून पूर्ण झालेली नाही, दुसऱ्या कडव्यात आल्टो आणि टेनर एकमेकांच्या अंगावर येतायत, रविवारच्या तालमीत टेनरला तिथे गप्प ठेवून बघणार आहे.