आठ महिने आरसी हेलिकॉप्टर: सगळा खेळ डाव्या स्टिकचा

परवा रविवारी सकाळी साडेसातला शाळेच्या ग्राउंडवर माझं हेली, म्हणजे रिमोटवर उडणारं (आरसी) छोटं हेलिकॉप्टर, डोक्याच्या उंचीवर होवर करत होतं, म्हणजे हवेत एका जागी तरंगत होतं, आणि शेपटीची मोटर गेली. आधी कानाला कळलं, तो बारीक किरकिरता सूर बंद झाला, मग बॉडी डावीकडे गरगरायला लागली, कारण तिला सरळ धरतो तो शेपटीचाच पंखा. जून-जुलैत हे झालं असतं तर मी घाबरून थ्रॉटल (मोठ्या पंख्याचा जोर, तो डाव्या स्टिकवर असतो) शून्यावर आणला असता आणि पाच फुटांवरून दगडासारखं आदळलं असतं. या वेळी स्टिक सावकाश खाली घेत गेलो, थ्रॉटल कमी तसा फिरण्याचा जोरही कमी, आणि घोट्याच्या उंचीला आल्यावर कट. मातीत दोन गिरक्या मारून बसलं. पाती शाबूत, मेन गिअर (मोठा पंखा फिरवणारं दातेरी चाक) शाबूत, स्किडला, म्हणजे खालच्या पायांना, ओरखडासुद्धा नाही.

हे जमलं ते रिमोटच्या आतली एक पत्र्याची पट्टी नीट केल्यामुळे, आणि घेताना मला त्या पट्टीबद्दल कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहायला बसलो.

माझं हेली म्हणजे नेहमीचंच, चार चॅनेल (चार हालचाली रिमोटवर), फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन कायम), फ्लायबार (पंख्यावरची तोल सांभाळणारी दांडी) नसलेलं, आत सिक्स अ‍ॅक्सिस जायरो (हेली आपोआप स्थिर ठेवणारा सेन्सर), सिंगल सेल बॅटरी, मोड २ रिमोट (थ्रॉटल डाव्या स्टिकवर). दोन बॅटऱ्यांसकट ६,८०० पडले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या बऱ्याच रिमोटमध्ये ही पट्टी अशीच असते.

सुरुवात मामेभावाच्या मंगल कार्यालयात केली. आषाढ लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांचा हॉल जवळजवळ रिकामा असतो, वारा नाही, खांब नाहीत, पंखे बंद ठेवले की झालं. ज्यांना शिकायचंय त्यांनी असा हॉल शोधाच, एवढं हलकं हेली बाहेरच्या झुळकीतसुद्धा वाहत जातं. होवर दोन आठवड्यांत आलं, जायरोची कृपा. जर्मनीच्या डिटर श्लूटरनी १९७० च्या आसपास आरसी हेलिकॉप्टर उडवून दाखवलं तेव्हा शेपटी धरून ठेवायला जायरो नव्हता, शेपटी अंगठ्यानेच सांभाळायची. त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण लँडिंग येईना. हॉलच्या मध्यभागी जेवणाचा एक पाट ठेवला होता, ठरवलं होतं की पाटावर उतरवायचं. वीतभर उंचीपर्यंत छान यायचं आणि तिथून एकतर धाडकन खाली बसायचं नाहीतर परत उसळी मारायचं. मी थोडा थ्रॉटल द्यायचो, ते गुडघ्यापर्यंत वर. थोडा काढायचो, ते आपटायचं. जुलै ते ऑक्टोबर सहा जोड पाती गेली, ३५० रुपये जोडी म्हणजे २,१०० रुपये, आणि एक मेन गिअर. मी पैसे मोजून खर्च करणारा माणूस आहे, प्रत्येक जोडी मला टोचली. तेव्हा एक रिव्ह्यूपण टाकला होता, दोन स्टार, "हेली अस्थिर आहे, घेऊ नका". तो आता मागे घेतोय, हेलीची त्यात काहीच चूक नव्हती.

आता पट्टीचं सांगतो. डावी स्टिक वर-खाली करताना टक टक टक आवाज येतो ना, तेच. मी मोजल्या, खालपासून वरपर्यंत २६ खाचा. माझं हेली होवर करतं तेराव्या आणि चौदाव्या खाचेच्या मध्ये. तेरावर खाली येतं, चौदावर वर जातं आणि मध्ये स्टिक थांबतच नाही, ती कुठल्यातरी खाचेत जाऊन बसते. त्यात फिक्स्ड पिच, म्हणजे पात्यांचा कोन बदलत नाही, वर-खाली सगळं पंख्याच्या स्पीडवर, आणि स्पीड वाढायला-उतरायला क्षणभर लागतो. कलेक्टिव्ह पिचवाल्यांना हे कळणार नाही, त्यांचा पंखा एकाच स्पीडने फिरतो आणि कोन बदलला की लगेच उत्तर मिळतं. आपल्याकडे आधीच उशीर, वर खाचेचा धक्का, मग अंगठ्याने कितीही नाजूकपणा केला तरी तो पोचणार कसा?

विक्रेत्याला फोन केला तर म्हणे सर सगळ्यांचे असेच येतात, खोलाल तर वॉरंटी जाईल. स्क्रूवर सीलचं स्टिकर होतंच. सहा महिन्यांची वॉरंटी घालवायला जीव होईना म्हणून मी तसाच उडवत राहिलो, आणि त्या नादात वॉरंटीत न बसणारी पातीच फुटत राहिली. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत खोललं. मागचे सहा स्क्रू, झाकण, डाव्या स्टिकच्या बाजूला अर्धगोल दातेरी प्लॅस्टिक आणि त्यावर दाबून बसलेली नखाएवढ्या रुंदीची पत्र्याची पट्टी, टोकाला छोटा उंचवटा. तो उंचवटा दात्यांत अडकतो, बस एवढंच. पट्टी काढून टाकायची नाही, नाहीतर स्टिक लुळी पडून खाली येते. मी पकडीने उंचवटा सपाट केला, थेंबभर ग्रीस लावलं आणि पट्टी परत बसवली. आता स्टिक लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते आणि सोडली तिथेच राहते. पंधरा मिनिटांचं काम.

त्याच संध्याकाळी दहापैकी सात वेळा पाटावर उतरलं. सात वेळा! मामेभाऊ खुर्च्या रचायच्या सोडून बघत उभा राहिला.

खाचा वाईटच असतात असं नाही, आरसी विमानवाल्यांना त्या बऱ्या पडतात, स्टिक एका जागी ठेवून बाकीकडे लक्ष देता येतं. हेलीला नकोत.

पट्टी नीट झाल्यावर मग लँडिंगचं बाकीचं कळायला लागलं. पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीच्या खाली आलं की खालची दाबलेली हवा त्याला उचलून धरते, तिथे ते तरंगतं आणि इकडेतिकडे सरकतं, त्या वीतभरात रेंगाळायचं नाही, एकदा बेताने बसवून टाकायचं. चौरंगावर उतरवायला गेलं तर ही गादी फारशी मिळत नाही, पंखा चौरंगाच्या बाहेर येतो, त्यामुळे पाट सोपा आणि चौरंग अवघड. दुसरं, आपल्या बहुतेक हेलींचा मोठा पंखा वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, शेपटीचा पंखा हेलीला डावीकडे ढकलत असतो, म्हणून होवरमध्ये हेली उजवीकडे किंचित कललेलं असतं. उतरताना उजवी स्किड आधी टेकणार. मी दोन महिने ते सरळ करायच्या मागे होतो, करू नका. उंचावरून सरळ उभं खाली आणलं की स्वतःच्याच हवेत सापडून डगमगतं, थोडं पुढे चालवत तिरकं आणा. आणि आता सावरणं शक्य नाही, आपटणारच असं झालं की आधी थ्रॉटल शून्य, पाती अडकलेली असताना मोटर फिरत राहिली की गिअरचे दात जातात.

बॅटरी सात मिनिटं देते असं खोक्यावर आहे, मी टायमर पाचवर लावतो, कारण शेवटी व्होल्टेज पडतं आणि होवरची जागा स्टिकवर वर सरकत जाते, अंगठ्याची सवय तिथे फसते.

परवाच्या मोटरचं पण सांगतो. विक्रेता म्हणतो सुटी मोटर मिळत नाही, शेपटीचा पूर्ण सेट घ्या, १,१५० रुपये. मी मोबाइल रिपेअरवाल्याकडे गेलो, त्याच्या डब्यात तेवढ्याच जाडीची मोटर सापडली, जोडणीसकट १२० रुपये. पहिल्यांदा वायर उलट्या लागल्या आणि शेपटीचा पंखा उलटा फिरला, हातात धरूनच तपासल्यामुळे लक्षात आलं. बदलून घेतल्या. काल दोन बॅटऱ्या संपेपर्यंत उडवलं, व्यवस्थित.

नियमांचं विचारणाऱ्यांसाठी, २०२१ च्या ड्रोन रूल्समध्ये २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो, त्याला पायलट लायसन लागत नाही. हे त्याच्या कितीतरी खाली आहे. तरी विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी नकाशावर झोन, म्हणजे कुठे उडवायला परवानगी नाही ते, बघून घ्या.

आठ महिन्यांनी माझे चार स्टार. एक कापला तो सुट्या मोटरसाठी. नवीन कोणी घेणार असेल तर दुकानात रिमोट हातात घ्या, डावी स्टिक सावकाश फिरवा आणि कान लावून ऐका, टकटक आली तर तीनशे-चारशे कमी करून मागा आणि घरी आल्यावर पहिल्याच दिवशी पट्टी सपाट करा. माझं आता तोंड आपल्याकडे करून उतरवणं चालू आहे, डावं-उजवं उलटं होतं, अजून पाटापासून हातभर लांब पडतंय. पाती मात्र दिवाळीनंतर एकच जोडी लागली.