आधी दम संपतो की आधी पाय? सीओपीडीत चालणं आणि ताकदीचा व्यायाम

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार. त्याच्या रुग्णाला दवाखान्यातून निघताना एक सल्ला हमखास मिळतो, "रोज थोडं चालत जा." घरी आलं की दुसरा, "दम लागतो ना, मग बसा निवांत." या दोन सल्ल्यांच्या ओढाताणीत मांड्या मात्र वाळत जातात.

आजार फुफ्फुसांचा, मग मांडीचं काय? सीओपीडीच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू कमजोर झालेला असतो. दमाच्या भीतीने हालचाल कमी होते, शरीरात आतून दाह चालू असतो, वरचेवर स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात. स्नायूतले चिवट, प्राणवायूवर बराच वेळ काम करणारे तंतू घटतात आणि लवकर थकणारे वाढतात. त्यामुळे थोड्याशा श्रमानेही लॅक्टिक आम्ल साचू लागतं, कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वासाचा वेग वाढतो. थोडक्यात, कमजोर पायच दम वाढवतात.

आता चालणं. पैसे लागत नाहीत, दमसास वाढतो, चार माणसं भेटतात. पण बागेत गप्पा मारत घातलेली फेरी म्हणजे व्यायाम नव्हे. दम ० ते १० मध्ये मोजला, तर तो ४ ते ६ पर्यंत जायला हवा. अडचण इथेच आहे. आजार वाढलेला असेल तर भरभर चालताना एक श्वास पुरता बाहेर पडण्याआधीच दुसरा घ्यावा लागतो, हवा आत अडकते, छाती फुगलेलीच राहते. पायांना अजून घामही आलेला नसतो आणि माणूस कठड्याला टेकतो. अशांनी सलग चालू नये. एक-दोन मिनिटं भरभर, मग तेवढीच विश्रांती, असं तुकड्यातुकड्याने चालल्यास फायदा जवळपास तितकाच होतो, धाप कमी लागते.

ताकदीच्या व्यायामात एका वेळी मोजकेच स्नायू राबतात, म्हणून श्वासावरचा भार कमी. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पायरी चढ-उतार, घोट्याला वाळूची पिशवी बांधून बसल्या जागी गुडघा सरळ करणं. ८ ते १२ वेळा, १ ते ३ फेऱ्या, एक दिवसाआड. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या नाहीत तर वजन वाढवायची वेळ झाली. जोर लावताना श्वास रोखू नका, तोंडाचा चंबू करून सोडा. मर्यादाही आहे. केवळ याने लांब चालण्याचा दमसास पुरेसा वाढत नाही. शिवाय स्टेरॉइडने हाडं ठिसूळ झालेल्यांनी वाकून वजन उचलणं टाळावं.

निवडायचं कसं? सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या आणि शेवटी स्वतःला विचारा, थांबवलं कुणी, दमाने की पायांनी? पायांनी थांबवलं तर उत्तर सरळच आहे. दमाने लवकर थांबवलं, तरी माझा कल ताकदीपासून सुरुवात करण्याकडेच आहे, कारण ते झेपतं आणि झेपलेलंच माणूस दुसऱ्या दिवशी करतो. सोबत तुकड्यांत चालणं हवंच. वीस मिनिटं न थांबता चालू शकणाऱ्याने चालण्याचा वेग वाढवावा आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस ताकदीला द्यावेत.

"आम्ही प्राणायाम करतो की," असं बरेच जण म्हणतात. जरूर करा, श्वासावर ताबा येतो. पण त्याने मांडीला काम मिळत नाही.

व्यायाम फुफ्फुसांच्या पुनर्वसन केंद्रात जाऊन करायचा की घरी? ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत (२०१७) एक घरभेट आणि दर आठवड्याला एक फोन एवढ्यावर आठ आठवडे घरी व्यायाम करणारे, केंद्रात जाणाऱ्यांच्या तोडीस तोड चालू लागले. वर्षभराने मात्र दोन्हीकडची कमाई ओसरली होती. ऑक्सिमीटर चालताना ८८च्या खाली जात असेल, हृदयविकार असेल किंवा घरी ऑक्सिजन लावावा लागत असेल, तर सुरुवात देखरेखीखालीच करा.

स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या चाचणीचा आकडा यातल्या कशानेच हलणार नाही, म्हणून तो पाहून हिरमुसू नका. सहा मिनिटांत ३० मीटर जास्त चालता आलं, तर फरक खरा. आणि आजार उफाळून दवाखान्यात राहावं लागलं, तर त्या थोड्या दिवसांतही मांडी झपाट्याने उतरते. घरी आल्यावर डॉक्टरांना विचारून पहिली आठवण खुर्चीची काढा.