तळघराच्या भिंतीवर कोट विकला, पाणी मात्र छपराचं होतं

तळघरात पाणी शिरलं की फुकट तपासणी करून देणारे चटकन सापडतात. आमच्याकडे आलेला माणूस गोड बोलणारा होता. हातात ओल मोजायचं छोटं यंत्र. त्याच्या दोन सुया भिंतीवर जिथे पांढरे क्षार फुटले होते नेमक्या तिथेच टेकवायचा, यंत्र किंचाळायचं आणि हा मान हलवायचा. "पाया पाणी पितोय साहेब, हा पावसाळा काढला तर नशीब." आजच ठरवलं तर सवलत, उद्या नाही.

ती सुयांची यंत्रं विजेचा रोध मोजतात, ओल थेट मोजत नाहीत. क्षारांमुळे रोध कमी होतो, त्यामुळे भिंत बऱ्यापैकी कोरडी असली तरी आकडा फुगतो. हे मला नंतर एका जुन्या प्लंबरने दाखवलं: क्षार खरवडून, वीतभर बाजूला सुया टेकवल्या तर यंत्र गप्प! त्या विक्रेत्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

तपासणी म्हणे, पण तो बाहेर एकदाही गेला नाही. छपराचं पाणी कुठून उतरतं, पाइप जमिनीत शिरल्यावर कुठे जातो, घराभोवतीच्या जमिनीचा उतार कुठे आहे, काही विचारलं नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० लिटर. एवढं पाणी भिंतीच्या बुडाशी सुटतंय की लांब जातंय, हा पहिला प्रश्न हवा. पण त्याचं उत्तर बहुधा एका स्वस्त पाइपात असतं, आणि त्यात यांना काय मिळणार?

मग आतून 'केमिकल कोट', म्हणजे पाणी अडवायचा रासायनिक लेप, झाला, तोही गिलाव्यावरून. काँक्रीटच्या छिद्रांत शिरून स्फटिक तयार करणारी रसायनं खरंच असतात आणि ती आतूनही चालतात, पण त्यांना उघडं काँक्रीट लागतं. गिलाव्यावर मारलं की तो रंगच. भिंतीबाहेर मीटरभर पाणी साचलं तर बुडाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. पहिल्या मोठ्या पावसात कोटाला फोड आले, मग पापुद्रे सुटले, आणि कोपऱ्यातून पाणी पूर्वीसारखंच.

१० वर्षांची गॅरंटी होती की! मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं: कोट सुटल्यास पुन्हा कोट मारून देऊ, 'बाहेरील पाण्याच्या दाबामुळे' झालेलं नुकसान वगळून. तळघरात बाहेरचं नाही तर कुठलं पाणी येतं, हे विचारल्यावर समोरून उत्तर आलं, "मग तुम्हाला बाहेरून ड्रेन करावा लागेल." त्याचे पैसे अर्थातच वेगळे.

खरी फसवणूक इथे झाली. पायाच्या कडेने चर खणून त्यात भोकांचा पाइप, भोवती खडी, खडीभोवती माती अडवणारं कापड, १०० ला १ असा उतार आणि शेवटी पाणी बाहेर पडायला मोकळं तोंड, असं करारात होतं. आम्ही घरी नसताना चर बुजवला गेला. "पाऊस येणार होता" हे कारण. वरून छान सपाट केलेली माती, त्यावर फरसबंदी, आणि शेवटचा हप्ता घ्यायला माणूस दारात.

पुढच्या पावसात पाणी आधीपेक्षा लवकर आलं. सर सुरू झाली की थोड्याच वेळात कोपरा ओला, सर थांबली की धार बारीक. ही वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. भूजल वर चढायला बहुधा वेळ लागतो आणि उतरायलाही. पावसाबरोबर येणारं आणि पावसाबरोबर जाणारं पाणी असेल तर आधी पाइपावर संशय घ्यावा. प्लंबरने कोरड्या दिवशी छपरावरून येणाऱ्या पाइपात हिरवा रंग घालून पाणी सोडलं. तळघराच्या कोपऱ्यात हिरवं पाणी आलं.

चर उघडल्यावर दिसलं ते असं: छपराचा पाइप सरळ त्या भोकांच्या पाइपालाच जोडलेला. पायाजवळचं पाणी गोळा करून न्यायचा जो पाइप, त्याच्यातच सगळ्या छपराचं पाणी ओतलेलं. ते भोकांतून बाहेर पडून पायालाच मिळत होतं. कापड नव्हतं. उतार नव्हता. पाइपाचं दुसरं टोक मातीत बंद.

आता छपराच्या पाण्याला वेगळा, बिनभोकाचा बंद पाइप आहे आणि तो घरापासून तीन मीटर लांब तोंड उघडतो. भिंतीलगतची माती चढवून तीन मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार काढला. फरसबंदीचा उतार घराकडे होता, तीही उचलून पुन्हा बसवावी लागली. भोकांच्या पाइपाला बाहेर तोंड मिळालं. एवढ्यावर कोपरा कोरडा राहिला. भिंतीला हात लावावा लागला नाही.

पैसे परत मिळालेले नाहीत. तक्रारीत मात्र दोन गोष्टी उपयोगी पडताहेत: हिरव्या पाण्याचा सलग व्हिडिओ, आणि चर उघडताना पट्टी ठेवून काढलेले फोटो. ज्यांचं काम अजून व्हायचंय त्यांनी करारातच लिहून घ्यावं की चर बुजवण्याआधी मालकासमोर पाइपात पाणी सोडून दुसऱ्या टोकाला दाखवायचं, आणि शेवटचा हप्ता एका मोठ्या पावसानंतर. आमच्या गल्लीत हे वाक्य वाचल्यावर एक ठेकेदार परत फिरकलाच नाही.