गट नंबरापासून नांगराच्या निशाणीपर्यंत : शेतकरी पूर्वजाच्या शोधाचे अकरा महिने

माझे खापरपणजोबा इंदापूर तालुक्यात शेती करत होते, एवढेच आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. त्यांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि आजी आपल्या आजेसासऱ्यांविषयी सांगत असे ती एक हकिकत, म्हणजे ओढ्याकाठचे रान सावकाराने गिळले, याच्या पलीकडे हाती काही नव्हते. गेल्या जून महिन्यात मी त्यांचा माग काढायला सुरुवात केली. तेव्हापासून अकरा महिने भूमी अभिलेखांच्या ऑनलाइन प्रती, तालुक्याच्या अभिलेख कक्षातील नकला, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि घरातील मोडी कागद अशा सर्व साधनांचा मी सातत्याने वापर केला. ज्यांना असाच शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. एकोणिसाव्या शतकातील शेतकरी शोधायचा असेल, तर त्याचे नाव धरून निघू नये. त्याच्या जमिनीचा नंबर धरून निघावे. मी नावापासून सुरुवात केली आणि पहिले दोन महिने वाया घालवले. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यापूर्वी सरकारी दप्तरात नाव असे ते सारा भरणाऱ्या खातेदाराचे. एकत्र कुटुंबात खाते बहुधा थोरल्या भावाच्या नावावर राही, आणि त्याच रानात आयुष्यभर राबलेल्या धाकट्या भावाचे नाव कोठेही येत नसे. माझे खापरपणजोबा धाकटे होते, हे मला ऑगस्टमध्ये कळले. तोपर्यंत त्यांचे नाव सापडत नाही म्हणजे गाव तरी चुकले असावे किंवा आजीची आठवण तरी, अशी माझी समजूत झाली होती. जनगणनेचाही येथे उपयोग होत नाही, कारण त्या काळच्या खानेसुमारीतून छापील तक्ते मिळतात, घराघरातील माणसांची नावे मिळत नाहीत.

आमच्याकडे आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे. हा गट नंबर १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर पडलेला असल्यामुळे तो घेऊन मागे जाता येत नाही. प्रथम एकत्रीकरणाचे योजनापत्रक काढावे लागते, आणि त्यातून आजचा गट कोणकोणत्या सर्व्हे नंबरांचा व पोटहिश्श्यांचा मिळून झाला ते समजते. एकदा सर्व्हे नंबर हाती आला की वाट मोकळी होते, कारण हा नंबर इंग्रजी अमदानीतील मोजणीपासून चालत आलेला असतो. तेथून मी जुने सातबारे, त्यांच्याआधीचे हक्कपत्रक, फेरफारांची नोंदवही आणि शेवटी कडईपत्रक, म्हणजे कोणता नंबर कोणाच्या खाती होता त्याची जुनी नोंद, असा उलटा प्रवास केला. ऑनलाइन सेवेत जिल्हा, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडून पाने पाहता येतात, व्यक्तीच्या नावाने शोधता येत नाही. सुरुवातीला मला ही मोठी उणीव वाटली होती. आता वाटते, की जमिनीच्या दप्तराची मूळ रचनाच गाव आणि नंबर अशी आहे आणि शोधणाऱ्यानेही ती अंगवळणी पाडून घ्यावी.

इंदापूर तालुका या बाबतीत विशेष आहे. मुंबई इलाख्यातील सर्व्हे पद्धतीची पहिली मोठी परीक्षा येथेच झाली. इंग्रज अधिकारी प्रिंगल यांनी १८२८ नंतर केलेली आकारणी शेतकऱ्याला झेपली नाही आणि गावेच्या गावे पडीक राहिली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ पासून जमिनीची प्रतवारी करून, सारा कमी करून, तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी बसवली. मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास फेरजमाबंदी झाली. या जमाबंद्यांचे छापील अहवाल उपलब्ध आहेत आणि ते अवश्य वाचावेत. त्यांत व्यक्तींची नावे नसतात. परंतु तालुक्यात बैल, नांगर, गाड्या आणि विहिरी किती होत्या, बाजार कोठे भरे, पाऊस कसा होता, हे इतक्या बारकाव्याने येते की कडईपत्रकातील एका कोरड्या ओळीच्या मागे उभा असलेला गाव दिसू लागतो. १८८५ मध्ये निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचाही मला असाच उपयोग झाला.

मला सर्वाधिक समाधान मिळाले ते टिपणातून. टिपण म्हणजे मोजणीच्या वेळी प्रत्येक सर्व्हे नंबराची हाताने काढलेली आकृती. तिच्यावर शेताच्या बाजूंची मापे साखळी आणि आणे यांत लिहिलेली असतात. साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे सोळा आणे. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. हा हिशेब एकदा समजला की शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा कागद थेट शेतात नेता येतो. आमच्या टिपणावर एका बाजूचे माप बारा साखळ्या आठ आणे, म्हणजे ४१२ फूट ६ इंच होते. मी आणि माझे चुलते एका सकाळी टेप घेऊन बांधावर गेलो. ओढ्याच्या कडेच्या हद्दीच्या दगडापासून मोजत निघालो, तेव्हा चार फुटांचा फरक आला. एवढ्या वर्षांत बांध नांगराने किती वेळा कोरला गेला असेल ते लक्षात घेता हा फरक मला फारच थोडा वाटला. माझे चुलते एरवी अशा गोष्टींत रस घेत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी दगडाभोवतीची माती हाताने बाजूला केली आणि तो आणखी किती खोल आहे ते पाहत बराच वेळ तेथे बसून राहिले.

याच टिपणाने आणि त्याच्या जोडीच्या क्षेत्राच्या नोंदींनी आजीच्या हकिकतीचा उलगडा केला. जुन्या नोंदीत ओढ्याकाठच्या नंबराचे क्षेत्र ७ एकर १२ गुंठे होते आणि नंतरच्या नोंदीत ते ६ एकर ३१ गुंठे झाले. कमी झालेले २१ गुंठे सावकाराच्या खाती कोठेही दिसेनात. अखेर शेऱ्याच्या रकान्यातील एक मोडी शब्द लागला आणि तो ‘कालवा’ असा होता. नीरा डावा कालवा १८७६ च्या दुष्काळात रोजगाराचे काम म्हणून हाती घेतला गेला आणि १८८५ मध्ये त्यातून पाणी सुरू झाले. आमची जमीन त्याच्या पट्ट्यात गेली होती. रान गेले ही आजीची आठवण खरीच होती; मात्र ते कोणाकडे गेले, हे तीन पिढ्यांच्या सांगण्यात बदलले.

मोडी लिपीविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण बहुतेक जण तेथेच थांबतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात आणि राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फेही प्रशिक्षण दिले जाते. मूळाक्षरे तीन-चार आठवड्यांत ओळखता येऊ लागली. मात्र ओळ वाचता येण्यास मला पाच महिने लागले. मोडीत आधी शिरोरेघ ओढून त्याखाली हात न उचलता लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत, आणि नेहमीचे शब्द संक्षेपाने लिहितात. माझा सल्ला असा, की पुस्तकातील नमुना पत्रे वाचत बसण्यापेक्षा आपल्याच गावाच्या एका कुलकर्ण्याच्या हातची वीस पाने सलग वाचावीत. तीच नावे, तेच नंबर, तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो आणि त्या एका माणसाच्या हाताचे वळण डोळ्यांत बसते. तारखांबाबतही सावध राहावे. इसवी सन काढण्यासाठी, कागदावर शक असेल तर त्यात ७८ मिळवावेत, फसली सन (महसुली वर्ष) असेल तर ५९० मिळवावेत, आणि फसली वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते हे विसरू नये. मी एका फेरफाराचे इसवी सनाचे वर्ष शक समजून वाचले आणि आठवडाभर चुकीच्या पिढीत शोधत राहिलो.

नावांचा दुसरा घोटाळा आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे होतो. आमच्या घराण्यात एकाच नावाचे तीन पुरुष एकाआड एक पिढीत आहेत आणि जुन्या नोंदीत आडनाव नेहमी लिहिलेले नसते. नावापुढे ‘बिन’ लिहून आलेले बापाचे नाव आणि जमिनीचा नंबर या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय कोणालाही आपला पूर्वज ठरवू नये. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ नंतर अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदवह्यांची पाने ठेवली गेली आहेत आणि त्यामुळे घरबसल्या पुष्कळ काही पाहता येते. परंतु नाव जुळले की पुढे न पाहण्याचा मोहही त्याच पानांमुळे होतो.

गाव नमुना चौदा, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात मला खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद मिळाली. सन १८९९, वय ६०, कारण ताप. वयावर फार विसंबू नये. त्या पानावरील मोठ्या माणसांची सर्व वये शून्यात किंवा पाचात संपणारी होती, म्हणजे सांगणाऱ्याने अदमासे सांगितलेली होती. त्यामुळे त्यांचा जन्म १८३५ ते १८४५ च्या दरम्यानचा, एवढेच मी धरून चाललो आहे. स्त्रियांचा माग जमिनीच्या दप्तरात जवळजवळ लागत नाही. माझ्या खापरपणजींचे नाव मला मिळाले ते त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत. तेथे गावावरून आणि आडनावावरून वही काढून दिली गेली, आणि शके १८१० मध्ये दोघे भाऊ आईच्या अस्थी घेऊन आले होते अशी चार ओळींची नोंद निघाली. तीत दोघांच्या बायकांची आणि मुलांची नावे होती. घरातल्या कोणालाही ते नाव ठाऊक नव्हते. त्या नोंदीची प्रत हाताने उतरवून घेताना मी अक्षरे दोनदा तपासली.

कटू अनुभवही नोंदवतो. एका कार्यालयात मी नकलेसाठी रीतसर अर्ज केला, शुल्क भरले आणि सात आठवड्यांनी मला दुसऱ्याच गावाच्या त्याच नंबराची नकल मिळाली. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क आणि आणखी पाच आठवडे असा वेळ गेला. तेव्हापासून मी अर्जात गावाबरोबर तालुका, अभिलेखाचा नेमका प्रकार, सर्व्हे नंबर आणि शक्य असेल तर पानाचा क्रमांक लिहितो, आणि ऑनलाइन दिसलेल्या पानाची छापील प्रत सोबत जोडतो. काही जुनी पाने हात लावताच तुटतात. ती उघडून दाखवणारे कर्मचारी ज्या काळजीने ती हाताळतात त्याबद्दल मला आदर वाटतो, आणि अशा ठिकाणी घाई करणे योग्य नाही.

सर्वांत मोलाचा कागद मात्र कोणत्याही कार्यालयात नव्हता. तो आमच्याच घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, एका जुन्या पंचात गुंडाळलेला होता. घरातल्यांना तो जमिनीचा जुना नकाशा वाटत असे. मोडी वाचता येऊ लागल्यावर कळले, की ते शके १८०३ चे, म्हणजे १८८१-८२ चे गहाणखत आहे. बैलाची जोडी घेण्याकरिता १२५ रुपये घेतले आणि ओढ्याकाठचा नंबर गहाण दिला, असा मजकूर आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर होणे आवश्यक केले. आमच्या खतावर त्याचा शेरा आहे. दुष्काळात बैल गेले असतील आणि पाच वर्षांनी नव्या जोडीसाठी कर्ज काढावे लागले असेल, असा अंदाज करता येतो, परंतु खतात तसे लिहिलेले नाही. कर्ज फिटल्यावर मूळ खत ऋणकोला परत देण्याची रीत होती. ते खत आमच्या पेटीत आहे आणि पुढच्या कडईपत्रकात तो नंबर, कालव्याचे २१ गुंठे वजा होऊन, थोरल्या भावाच्याच खाती आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहता ते १२५ रुपये फिटले होते, अशी माझी खात्री झाली आहे.

खतावर कर्ज घेणारे म्हणून दोन्ही भावांची नावे आहेत. जमिनीच्या एवढ्या कागदांत माझ्या खापरपणजोबांचे नाव येते ते याच एका ठिकाणी. दोघांनाही लिहिता येत नव्हते, म्हणून प्रत्येक नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहून शेजारी नांगर काढलेला आहे. लिहिणाऱ्यानेच दोन्ही नांगर काढले असतील असे मला प्रथम वाटले होते. नंतर मी भिंगाखाली पाहिले. थोरल्या भावाच्या नावापुढचा नांगर तीन रेघांत, पटकन काढलेला आहे. धाकट्याच्या नावापुढचा नांगर वेगळ्या हाताचा आहे. त्याचे रुमणे थोडे मागे कललेले आहे, हळस लांब ओढली आहे, आणि फाळाच्या टोकाशी लेखणी जरा जास्त दाबली गेल्यामुळे शाई कागदाच्या पाठीपर्यंत उतरली आहे.