पाठीवर सॅक, पण कुठल्या वाटेने? पॅरिसची बाजू की प्रागची

युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा एकच, सुट्टी जेमतेम तीन आठवड्यांची आणि जायचं एकट्याने, किंवा फार तर एका मैत्रिणीबरोबर. अशा वेळी नकाशावर दोन वाटा दिसतात. एक पॅरिस–ब्रसेल्स–ॲम्स्टरडॅम, दुसरी प्राग–क्राकोव–बुडापेस्ट–व्हिएन्ना. माझं मत आधीच सांगून टाकते: ठिकाणं बघायची असतील तर पहिली, माणसं भेटायला हवी असतील तर दुसरी.

पॅरिस, ॲम्स्टरडॅममधली नावाजलेली हॉस्टेलं म्हणजे शेकडो खाटांच्या इमारती. खाली बार, दाराला कार्ड, सगळं चकाचक. पण त्यात वीकेंडला आलेले गट फार, आणि गटातली माणसं आपापसातच बोलतात. शेजारच्या बंकवरचा प्रवासी तोंडओळख व्हायच्या आत चेकआउट करून गेलेला असतो. प्राग-बुडापेस्टकडे मात्र जुन्या चाळवजा इमारतीचा एखादा मजला घेऊन चालवलेली छोटी हॉस्टेलं अजून सापडतात. स्वयंपाकघर एक, गॅस दोन, टेबल एकच. कुकर नसताना पातेल्यात खिचडी टाकली की जिऱ्याच्या फोडणीच्या वासाने दोघंतिघं डोकावतातच, आणि मग त्यांची पास्त्याची बशीही आपल्यापुढे सरकते.

शिवाय या बाजूला बहुतेकजण तीच चार शहरं उलटसुलट करत असतात. प्रागच्या डॉर्ममधला ब्राझीलचा पोरगा आठवड्याने बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहात, गरम पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळणाऱ्या आजोबांचा डाव बघताना पुन्हा दिसू शकतो. दुसऱ्या भेटीत ओळख पक्की होते आणि पुढचं तिकीट दोघांचं एकदम निघतं.

खर्चात तर तुलनाच नको. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात २०२६ पासून युरोपबाहेरच्या प्रौढ पर्यटकाला ३२ युरो मोजावे लागतात. ॲम्स्टरडॅममध्ये राहण्याच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटक कर आहे. ॲन फ्रँकचं घर बघायचं तर तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी, ऑनलाइन सुटतात. ऐन वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. याउलट पोलंडमधल्या क्राकोवच्या काझिमेझ भागात प्लात्स नोवी चौकातल्या गोल इमारतीच्या खिडक्यांवर हातभर लांब झापिएकांका मिळतो: अर्धा पाव, त्यावर मशरूम आणि चीज, कडकडीत भाजलेला. एवढ्यात जेवण होतं. ‘बार म्लेच्नी’ नावाच्या साध्या खानावळींत पिएरोगी रुस्किए घ्या, म्हणजे करंजीच्या आकाराचे उकडलेले, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं. शाकाहारी असाल तर वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालू नका, हे आधीच सांगा. नुसता कांदा मागा.

रेल्वेचंही तसंच. आपल्याला मिळतो तो युरेल पास, एकाच पासवर अनेक देशांतल्या गाड्या. पण पॅरिस–ॲम्स्टरडॅम धावणाऱ्या युरोस्टार या वेगवान गाडीत पास असूनही जागेचं आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे. प्राग–व्हिएन्ना सुमारे चार तास, व्हिएन्ना–बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. ही तिकिटं लवकर काढली तर इतकी स्वस्त पडतात की पासची गरजच उरत नाही. एक कटकट आहे: चेक कोरुना, पोलिश झ्लॉटी, हंगेरियन फोरिंट, प्रत्येक देशात नवं चलन. एटीएमने ‘रुपयांत वजा करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा.

रात्रीच्या भटकंतीबद्दल थोडं. प्रागने २०२४ मध्ये रात्री दहानंतरच्या आयोजित पब क्रॉलवर, म्हणजे गटाने एकामागून एक पब पालथे घालण्यावर, बंदी घातली, मला तरी ते बरं वाटलं. ओळखी व्हायला टिपवर चालणारा सकाळचा वॉकिंग टूर जास्त कामाचा. सगळे शुद्धीवर असतात आणि नंतर जेवायला कुठे जायचं हा प्रश्न सगळ्यांनाच पडलेला असतो. एकट्या मुलीने पहिल्या दोन रात्री तरी महिलांचं डॉर्म घ्यावं. कुलूप घरून न्यावं, लॉकर बरेचदा बिनकुलपाचाच असतो.

पॅरिसच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहेच: मुंबईहून पॅरिस आणि ॲम्स्टरडॅमला थेट विमान आहे, प्राग-बुडापेस्टला मध्ये बदलावं लागतं. चित्रं, संग्रहालयं हाच जीव असेल तर तिकडेच जा, गर्दी सोसा. दोन्ही हवं असेल तर पॅरिसला उतरून चार दिवसांत पूर्वेकडे सरका. मात्र ही वाटणी व्हिसाची अपॉइंटमेंट घेण्याआधी ठरवा, कारण ज्या देशात मुक्काम सर्वात जास्त, त्याच देशाकडे व्हिसाचा अर्ज करायचा असतो.